ढब्बूचं शेपूट

माझा नवरा डाव्या-उजव्याचा शास्त्रज्ञ आहे. पोपट कुठल्या पायाने बी उचलतो, मांजर आधी कुठला पंजा पुढे करतं, माणसं कुठल्या हाताने डोकं खाजवतात, यावर आमचं घर चालतं. सध्या प्रयोगशाळेत कुत्र्यांची शेपटं मोजणं सुरू आहे. मेंदूचे दोन अर्धे भाग वेगवेगळी कामं वाटून घेतात म्हणे. त्यामुळे आवडता माणूस दिसला की कुत्र्याचं शेपूट त्याच्या स्वतःच्या उजवीकडे जास्त झुकतं, आणि नकोसा दिसला की डावीकडे.

एका रविवारी त्याला घरच्याच कुत्र्याची परीक्षा घ्यायची हुक्की आली. जेवणाच्या टेबलावरच्या दिव्याला त्याने फोन बांधला, तोही स्क्रीन खाली करून, सेल्फीच्या कॅमेऱ्यावर, म्हणजे चित्र स्वतःला दिसावं. खाली ढब्बूला उभं केलं आणि स्वतः समोर गेला. शेपूट डावीकडे. पुन्हा गेला. पुन्हा डावीकडे.

"पिल्लू असल्यापासून याची शी मी उचललीय," एवढंच तो म्हणाला.

मग माझी आई समोर आली. बाबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून ढब्बूला ती 'ते ध्यान' म्हणायची आणि नाक मुरडून बाजूने जायची. शेपूट सरळ उजवीकडे.

"मी कधी याला जवळसुद्धा केलं नाही," आई म्हणाली. तिने पदराने चष्मा पुसला. "आणि हे बिचारं..."

त्या दिवसापासून आई पार बदलली. बाबांच्या जुन्या स्वेटरचं ढब्बूला अंथरूण झालं. दुपारी ती त्याला पेपर वाचून दाखवायला लागली. बाबांनंतर पहिल्यांदाच मी तिला मोठ्याने हसताना ऐकलं आणि मला फार बरं वाटलं. नवरा मात्र तोंड पाडून हिंडायचा, आणि बसला की तोच व्हिडिओ बघायचा. एकदा मीही डोकावले. चित्राच्या कोपऱ्यात मी चहा ओतत होते, उजव्या हाताने.

मी डावखुरी आहे. उजव्या हाताने मला साधं कुलूपही उघडत नाही.

"अरे, सेल्फीच्या कॅमेऱ्याने सगळं आरशातल्यासारखं उलटं दाखवलंय," मी म्हटलं.

त्याने माझ्या हाताकडे निरखून पाहिलं. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. मग तो ताडकन उठला. "म्हणजे मी त्याला आवडतो!" आणि लगेच त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आईच त्याला..."

आतून आईचा आवाज येत होता. ती ढब्बूला हवामानाचा अंदाज वाचून दाखवत होती.

"सांगू नकोस," मी म्हटलं.

"चुकलेला निकाल मी आजवर तसा ठेवलेला नाही," म्हणत तो तिच्या खोलीत गेलाच. मी दारापर्यंत मागोमाग गेले.

आईने चष्मा कपाळावर चढवला. "या, जावईबापू. तुमच्याशी बोलायचंच होतं. मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सारखं त्याला मोजत असता, त्याला तरी कसं आवडेल? जरा जवळ बसत जा त्याच्या. जमेल तुम्हालाही."

तिने पलंगावर सरकून जागा करून दिली. नवरा बसला. ढब्बू उठून त्याच्या गुडघ्यांना बिलगला, आणि शेपूट उजवीकडे, अगदी आंधळ्यालाही कळावं असं.

"बघा," आई खूश होऊन म्हणाली, "वळायला लागलं की नाही?"

नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्यामुळे, आई," तो म्हणाला.