तीनशे चिठ्ठ्यांचा डबा

मी बिस्किटांचा डबा बोलतोय. झाकण उघडू नका, बिस्किटं कधीच संपली. ती कोणी संपवली हे मी सांगणार नाही. गणिताच्या सरांना वाईट वाटेल.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. पुढे माझ्यात खडू आले, मग तुटक्या पट्ट्या आणि एके दिवशी तीनशे चिठ्ठ्या. शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या नावाची एक.

झालं असं, मोठ्या बाईंना वाचनाची खोली बंद करून तिथे खेळाचं सामान ठेवायचं होतं. "पण आधी मुलांना विचारू," त्या म्हणाल्या. तीनशे जणांना विचारायचं तर आठवडा जाणार, कारण निम्मी मुलं उत्तराऐवजी आपल्या मांजराची गोष्ट सांगतात. म्हणून ठरलं, न बघता वीस चिठ्ठ्या काढायच्या आणि तेवढ्यांनाच विचारायचं.

शिपाईमामांचा कारभार भारी नेटका. त्यांनी पहिलीच्या चिठ्ठ्या तळाशी रचल्या, वर दुसरीच्या, असं करत सगळ्यात वर सातवीच्या. बाईंनी डोळे घट्ट मिटले आणि वरच्या वीस उचलल्या. सगळे सातवीचे! त्यातले सतरा म्हणाले, "बंद करा की!"

मामा कुलूप घेऊन निघाले. दुसरीतली मुंगी नावाची चिमुरडी रोज मधल्या सुट्टीत त्या खोलीत वाचत बसायची. मामांना चिठ्ठ्या रचताना तिनं पाहिलं होतं. ती दार अडवून उभी राहिली.

"मामा, तुम्ही आम्हाला तळाशी गाडलंत!"

"गाडलं नाही गं बये, ओळीनं लावलं."

"मग आम्ही वर येणार कसे? डबा हलवा ना!"

मागून आलेल्या बाई ओशाळल्या. मोठ्या माणसांना वाटतं, डोळे मिटले की न्याय झाला. मग काढलेल्या चिठ्ठ्या परत टाकून मला असं घुसळलं की विचारू नका! आता प्रत्येक चिठ्ठीला निघायची सारखीच संधी होती. अशा मूठभर चिठ्ठ्या बहुधा साऱ्या शाळेसारख्याच निघतात. थोडं चुकतंही, पण मुद्दाम कोणाची बाजू घेतली जात नाही.

या वेळी निघालेल्या विसांत लहानमोठ्या सगळ्या वर्गांतली मुलं आली. तेरा जणांनी सांगितलं, "खोली राहू द्या." कुलूप परत गेलं.

मुंगी मात्र फुरंगटली. "माझी चिठ्ठी निघालीच नाही!"

"पण तुझं म्हणणं निघालं ना!" बाई हसल्या.

आता मी कपाटावर गंजत बसलोय. बाळांनो, सगळ्यांचं मत हवं असेल तेव्हा जवळच्या चार मित्रांना विचारून मोकळे होऊ नका. तळाशीही कोणीतरी आपली पाळी यायची वाट बघत असतं.