माझ्यावरचा गोल डाग

मी टेबल बोलतोय. चर्चच्या मागे अडगळीची खोली आहे, तिथे मी उभा आहे, अंगावर झाडू आणि मोडकी खुर्ची घेऊन. तक्रार करू नये म्हणतात. मी करणार आहे.

पूर्वी मी दारूच्या गुत्त्यातला काउंटर होतो. माझ्यावर कोपरे टेकून लोक हसले, भांडले, रडलेही. त्यातलाच एक सुतार. हात सोन्याचे, पण संध्याकाळ झाली की पाय माझ्याकडेच वळायचे. डुलत डुलत घरी जायचा म्हणून लोक त्याला डुलत्या म्हणत. दप्तर पाठीवर घेऊनच त्याची मुलगी त्याला न्यायला यायची. तिची हनुवटी जेमतेम माझ्या कडेला लागायची. "बाबा, चला ना," एवढंच म्हणायची. तो ग्लास उचलायचा आणि पुन्हा त्याच ओल्या जागी ठेवायचा. तिथेच माझ्यावर काळा गोल डाग पडला.

पुढे त्याची बायको वारली. मुलगी मावशीकडे राहायला गेली आणि त्याच्याशी बोलेनाशी झाली. मग एके दिवशी तो चर्चच्या म्हाताऱ्या पाळकाच्या दारात जाऊन बसला. मी लायक नाही, हेच घोकत राहिला. पाळक म्हणाला, लायक असतास तर त्याला कृपा कशाला म्हटलं असतं? वर्षभराने त्याचा बाप्तिस्मा झाला, नवं नाव मिळालं. त्या नावाने हाक मारायचा एकटा पाळक. बाकी मंडळींचा तो डुलत्याच राहिला.

गुत्ता बंद पडला तेव्हा त्याने मला मागून आणलं आणि माझं प्रभुभोजनाचं, भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला ठेवायचं टेबल केलं. सगळीकडे रंधा मारला, फक्त मधोमध तो डाग ठेवला. पाळकाने विचारलं तर म्हणाला, "मला कुठे देवाने तासून घेतलं? होतो तसाच घेतला." तेव्हापासून प्रभूचा प्याला बरोबर त्या डागावर बसायचा. पांढऱ्या कापडाखाली माझा ऊर भरून यायचा.

एकदा मुलगी आली, बापाचं नवं सोंग बघायला. कापड धुवायला काढलेलं होतं. तिने मला लगेच ओळखलं, डागावरून बोट फिरवलं.

"हा तुमचाच ना?"

"माझाच."

"मग लपवला का नाहीत?"

तो बाहीने डागावरची धूळ पुसत राहिला. ती दारापर्यंत गेली. मग म्हणाली, पुढच्या रविवारी येते.

पण डाग चर्चचा कारभार पाहणाऱ्या एका पंचाच्या बायकोनेही पाहिला. झालं. दर रविवारी कृपेवर गळा काढून गाणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. म्हातारा पाळक तोवर निवृत्त होऊन गेला होता, आणि नव्याला भांडण नको होतं. पंच सुताराला म्हणाले, "डुलत्या, हा डाग काढ, नाहीतर टेबल बदलतो." मुलगी येणार होती, म्हणून त्याने रंधा माझ्यावर टेकवलासुद्धा. मग रंधा उचलला आणि पिशवीत टाकला.

रविवारी आत नवं चकचकीत टेबल होतं आणि मी मागे अडगळीच्या खोलीत. मुलीने ते पाहिलं आणि आल्या पावली वळली. संपलं, असं मला वाटलं. पण ती बापाला शोधत मागे आली. तो माझ्याशेजारी बसून आतलं गाणं ऐकत होता. तिने माझ्यावरचा झाडू खाली ठेवला. "बाबा, सरका जरा," म्हणाली आणि बसली.

आतून प्याला घेऊन कोणीच आलं नाही. अजूनही आलेलं नाही. ती दोघं मात्र दर रविवारी येतात. तुम्ही कधी प्याला घेऊन आलात, तर तो कुठे ठेवायचा ते विचारावं लागणार नाही. डाग तिथेच आहे.