अर्डिसची जागा

सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी, लीगचे सामने सुरू होतात त्या दिवशी, आमच्या हेगडाल गावात दोनच प्रकारची माणसं असतात: कॉलेजच्या फुटबॉल मैदानावर असलेली आणि आजारी. तिसऱ्या प्रकारचा एक दंतवैद्य पूर्वी होता. तो मिनियापोलिसला निघून गेला.

व्हर्लिन टोस्ट्रुड, गेलन मोए आणि मी, आम्ही तिघं मैदानावर असतो, पण प्रेक्षक म्हणून नव्हे. आम्ही साखळीवाले. चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे नेला की आणखी चार प्रयत्न मिळतात, एवढाच हा अमेरिकन फुटबॉलचा खेळ. बाकी सगळी ढकलाढकली. ते दहा यार्ड मोजायला दोन काठ्या आणि त्यांच्या मध्ये एक साखळी लागते. मागची काठी गेलन धरतो, कारण गेलन डुकरं पाळतो आणि त्याला जागचं हलवायला ट्रॅक्टर लागतो. पुढची काठी एक्केचाळीस वर्षं व्हर्लिनकडे आहे. माझ्याकडे कितवा प्रयत्न ते दाखवणारी पाटी आणि एक चिमटा. साखळी जिथे मैदानाची आडवी पांढरी रेघ ओलांडते, तिथे तिला तो चिमटा लावायचा. मग काठ्या पडोत, उडोत, त्या चिमट्यावरून साखळी पुन्हा जागच्या जागी मांडता येते. गावच्या साप्ताहिकात मी चौतीस वर्षं लोकांना चिमटे काढले, त्या अनुभवावर हे काम मला मिळालं असावं.

मोबदला म्हणजे एक नारिंगी जाकीट आणि मध्यंतराला एक ब्रॅटवर्स्ट, म्हणजे पावात घातलेलं जाडजूड सॉसेज. नियम एकच: साखळीवाल्याने आपल्या संघासाठी आनंद दाखवायचा नाही. आम्ही नॉर्वेजियन लुथरन. त्यासाठी वेगळा सराव करावा लागत नाही.

तर व्हर्लिन. वय एकोणऐंशी. मे महिन्यात त्याचा उजवा खुबा बदलला. सामन्याच्या आधीच्या बुधवारी कॉलेजची क्रीडाप्रमुख कर्स्टन त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली. मी तिथेच होतो, त्याच्या मक्याची कणसं फुकट नेत.

"व्हर्लिन, स्पष्टच बोलते," ती म्हणाली. "खेळाडू अंगावर आले की काठी टाकायची आणि मागे व्हायचं, हा नियम आहे. तुम्ही आजवर एकदाही टाकलेली नाही."

"गरज पडली नाही."

"दोन बरगड्या मोडल्या होत्या तुमच्या."

"त्या काही कॉलेजच्या नव्हत्या."

कर्स्टन हसली नाही. ती शेजारच्या गल्लीत वाढलेली, तिची पहिली सायकल व्हर्लिननेच दुरुस्त केलेली. त्यामुळे पुढचं वाक्य बोलताना तिने कणसांकडे पाहिलं. "या शनिवारी मी बघणार आहे. खेळाडू आले आणि तुम्ही काठी टाकून बाजूला झालात, तर ठीक. नाही झालात तर पुढच्या आठवड्यापासून मी दुसरा माणूस घेईन. तुम्हाला स्ट्रेचरवर न्यायला लावू नका मला."

ती गेल्यावर व्हर्लिनने बराच वेळ एक आधीच सोललेलं कणीस सोललं. मग म्हणाला, "काठी टाकली की जागा जाते रे, ऑर्विन. आणि जागा गेली तर आपण तिथे कशाला आहोत?"

मी म्हटलं, "ब्रॅटवर्स्टसाठी."

शनिवारी ऊन छान होतं. समोरच्या बाजूला आमचा स्टँड, आणि त्यात चौथ्या रांगेत अर्डिस, व्हर्लिनची बायको, मांडीवर लाल पांघरूण घेऊन बसलेली. ती एक्केचाळीस वर्षं त्याच जागी बसते. खेळ चालू असताना तिला उठलेलं कोणी पाहिलेलं नाही. वादळ आलं, बर्फ पडलं, एकदा मागच्या रांगेतली बाई बाळंत व्हायच्या बेतात होती. अर्डिस जागची हलली नाही. मी त्यावर लेखही लिहिला होता, की ही बाई नवऱ्यापेक्षा बाकाशी जास्त एकनिष्ठ आहे. गाव हसलं होतं.

पाहुणा संघ मार्श क्रीक कॉलेजचा. तीन तास दोन्हीकडच्या पोरांनी एकमेकांना प्रामाणिकपणे पाडलं. व्हर्लिन लंगडत होता, पण प्रत्येक वेळी पंचांच्या आधी जागेवर पोचत होता. पलीकडे कर्स्टन हाताची घडी घालून उभी होती.

शेवटची दोन मिनिटं उरली. मार्श क्रीक सतरा, आम्ही चौदा, चेंडू त्यांच्याकडे, तिसरा प्रयत्न. दहा यार्डांची खूण ओलांडली तर ते वेळ काढून सामना खिशात घालणार. नाही ओलांडली तर चेंडू आमच्याकडे येण्याची आशा. अशा ऐन घटकेला चर्चच्या बायकांपैकी लॉरेटा आमच्या बाजूला रुबार्बच्या आंबटगोड वड्या वाटत आली. मी एक घेतली. लॉरेटाच्या वडीला नाही म्हणणारा माणूस आमच्या गावात निवडून येत नाही.

चेंडू सुटला. त्यांचा एक दांडगा गडी चेंडू छातीशी धरून सरळ आमच्या दिशेने निघाला, मागे आमची चार पोरं लोंबकळत. मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा व्हर्लिनची काठी गवतात पडली होती आणि व्हर्लिन तीन पावलं मागे, दोन पायांवर उभा होता. चेहरा मात्र कोणी घरातली भांडी विकायला काढल्यासारखा. तिकडे गेलनची काठीही उडाली होती. दोन खेळाडू गेलनवर पडले होते आणि लागलं होतं त्या दोघांनाच. साखळी पाण्याच्या पिंपाला वेढे घालून बसली होती.

पांढऱ्या टोपीतले मुख्य पंच धावत आले. चेंडू कुठे थांबला ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. दहा यार्डांची खूण कुठे होती, ते आता साखळीच सांगणार.

"चिमटा कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी साखळीकडे पाहिलं. मग जाकिटाच्या खिशात हात घातला. चिमटा तिथे होता. दुसऱ्या हातात वडी होती.

माझ्या तोंडातून काही बाहेर पडायच्या आत व्हर्लिन पुढे झाला. "काठी माझ्या हातात होती. मी टाकली. जागा मी दाखवतो."

"कशावरून दाखवणार?"

"समोर बघा. चौथी रांग. लाल पांघरूण."

पंचांनी पाहिलं. "कोण आहेत त्या?"

"माझी बायको. ती आणि कठड्याचा तो गंजका खांब, यांच्या बरोबर मधोमध. मी काठी रोवली की दर वेळी तिच्याकडे बघून ठेवतो."

"आणि त्या इकडेतिकडे सरकल्या असतील तर?"

"अर्डिस?" व्हर्लिनला प्रश्नच समजला नाही.

"साहेब," गेलन खालूनच म्हणाला, "एखादे वेळी स्टँड सरकेल."

पंचांच्या बोटातली लग्नाची अंगठी चांगली तीसेक वर्षं जुनी दिसत होती. त्यांनी वाद घातला नाही. बाजूच्या पंचालाही विचारलं, त्याचाही अंदाज तिथलाच होता. व्हर्लिनने काठी रोवली, आणि चेंडू तिच्या तळहातभर पुढे निघाला. पाहुण्यांना आणखी चार प्रयत्न मिळाले. त्यांचा प्रशिक्षक, आता यजमान आपल्याला लुटणार म्हणून ओरडायला तोंड उघडून आला होता. ते त्याला तसंच उघडं ठेवून परत जावं लागलं. आमच्या स्टँडने तीव्र निषेध नोंदवला, म्हणजे लोकांनी जरा जोरात श्वास सोडला. आम्ही हरलो.

सामना संपल्यावर कर्स्टन मैदान ओलांडून आली.

"टाकलीत काठी," ती म्हणाली.

"टाकली."

"आणि सामना गेला."

"तो पोरांनी घालवला. मी फक्त मोजला."

तिने त्याच्या खुब्याकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं. "पुढच्या शनिवारी बारा वाजता या. उशीर नको." मग माझ्याकडे वळली. "चिमटा कुठे होता?"

व्हर्लिन आकाशात ढग शोधू लागला. ढग नव्हता. मी म्हटलं, "खिशात. हातात वडी होती."

"कुणाची?"

"लॉरेटाची."

"हं," ती म्हणाली, आणि गेली. माझी चौकशी संपली.

मी व्हर्लिनला म्हटलं, "चिमटा लावला नव्हता, हे तुला आधीच दिसलं होतं."

"दिसलं होतं."

"मग माझं नाव का नाही सांगितलंस? तुझीच जागा गेली असती ना, येड्या."

"तू नवा आहेस," तो म्हणाला. मला सहा वर्षं झाली होती. आभार म्हणून मी त्याला उरलेली अर्धी वडी दिली. त्याने ती खाल्ली.

आम्ही मैदान ओलांडलं. स्टँड रिकामा झाला होता. चौथ्या रांगेत अर्डिस एकटी बसली होती.

"उठू का आता?" तिने वरून विचारलं.

"ऊठ," व्हर्लिन म्हणाला.

ती कठड्याला धरून हळूच उठली, कंबर सरळ करायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. मी वर जाऊन तिचा थर्मास उचलला. "अर्डिस, मी तुझ्यावर तो लेख लिहिला होता ना. बाकाचा. मला काही माहीत नव्हतं गं. माफ कर."

"कशाला? मला फार आवडला होता," ती म्हणाली आणि बाकावरून घडी घातलेला, पिवळा पडलेला आमचा अंक उचलून पिशवीत ठेवला. "दर शनिवारी घेऊन येते. बूड गार पडत नाही."