निळ्या चाकांची गाडी

“देवाला फुलं वाहून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, बाई.” सासूबाईंचं हे सांगणं मी आजही पाळते.

त्या सकाळी ऋताच्या बाबांचा वाढदिवस होता. ते भरवेलीच्या खाणीत ड्युटीवर निघण्याआधी त्यांना कार्ड द्यायचं, म्हणून ऋता पुठ्ठ्यावर त्यांची मोटरसायकल काढत बसली होती. मी डोळे मिटून जप करत असताना ती जवळ आली.

“आई, हे गोकर्णाचे फुलं घेऊ?”

मी गप्पच. “बोलली नाहीस म्हणजे हौ!” म्हणत ती पळालीही. डोळे उघडले तर तबक रिकामं. मग फुलांच्या जागी अक्षता वाहिल्या आणि बाहेर आले.

“वा! निळ्या चाकाची गाडी! इले पेट्रोल लागते का हवा?” कार्ड हातात घेऊन हे हसत होते.

“ऋता, ते फुलं देवाचे होते ना,” मी हळूच म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. ती चिकटवलेली फुलं नखानं उकरू लागली. मी तिचा हात धरला.

“काढू नको. देवानंच बाबाले दिले समज.”

“मग देवाले उद्या मीच आणून देईन. पक्का!”

ह्यांनी कार्ड डब्याच्या पिशवीत जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी दिवा लावत होते. ऋता आंघोळ करून आली. मी पाहिलं तशी तिनं स्वतःच्याच ओठांवर बोट ठेवलं, परडी उचलली आणि पाय न वाजवता कुंपणावरच्या वेलाकडे निघाली.