टॅन्सीचा पान्हा

मिस्टर पिनॉक आमच्या गावचे निरीक्षक. गटारं, दूध आणि लोकांची तोंडं, तिन्ही साफ ठेवायचं काम नगरपालिकेनं या एकाच माणसावर टाकलं होतं. माणूस प्रामाणिक, पण त्या प्रामाणिकपणाचा गावाला झालेला जाच मी अजून विसरलेले नाही.

वसंतात त्यांनी केझाया वहिनीला गाण्यावरून पकडलं. माझा भाऊ गेल्यापासून वहिनीच आमच्या टॅन्सी गाईची धार काढायची, आणि काढताना त्याचंच गाणं म्हणायची. पाद्रीबाबांची विजार वाऱ्यानं उडते आणि नको त्या घरी जाऊन पडते, असं ते गाणं. आमचं अंगण रस्त्याला लागून, म्हणून ते ‘सार्वजनिक असभ्य गायन’ ठरलं. पुन्हा गायलात तर आठवडाभर कोठडी, असं मॅजिस्ट्रेटनी बजावलं. वहिनीनं तोंड मिटलं.

जूनमध्ये हेच पिनॉक दुधाचा नमुना घेऊन गेले आणि कपाळाला आठ्या घालून परत आले.

“नळीत साय जेमतेम पाच रेघा, दहा तरी हव्यात. पाणी घातलंत, बाई.”

“एक थेंब नाही! मेलेल्या नवऱ्याची शपथ!”

“शपथेवर साय धरत नाही. नोंदणीतून नाव काढावं लागेल.”

नाव गेलं की दूध विकणं बंद, आणि आम्हा दोघींना त्या एका गाईशिवाय आधार नव्हता. मी रडकुंडीला आले. वहिनीनं मात्र कमरेवर हात ठेवले.

“मग मी गाईकडेच अपील करते. तुमच्यासमोर धार काढते. निघेल ते खरं. तशी मुभा आहे ना?”

मुभा होती. शनिवारी सकाळी अख्खी गल्ली आमच्या कुंपणावर चढली. बादली अर्धी भरली आणि टॅन्सीनं पान्हा चोरला.

“बघितलंत?” वहिनी म्हणाली. “शेवटचं दूध सगळ्यात दाट, आणि तेच ही धरून ठेवते. गाणं बंद पाडलंत तेव्हापासून.”

“काहीतरीच!”

“गाऊन दाखवू?”

“गायलात तर कोठडी.”

“मग तुम्ही गा.”

गल्लीत हशा पिकला. पिनॉकचे कान लालबुंद झाले. “मला येत नाही.”

“येत नाही कसं?” मी कुंपणावरून ओरडले. “कोर्टात तिन्ही कडवी तुम्हीच वाचून दाखवलीत!”

त्यांनी वाकून अर्धी बादली बघितली, मग टॅन्सीचे सड बघितले. अर्धवट तपासणी त्या माणसाला सहन होणं शक्य नव्हतं. शेवटी त्यांनी हॅट काढून मला धरायला दिली आणि दर रविवारी चर्चमध्ये लावायचे त्या भरदार आवाजात सुरुवात केली:

“पाद्रीबाबांची विजार गं, वाऱ्यावर झाली स्वार गं…”

दुसऱ्या कडव्याला टॅन्सीनं मोठा सुस्कारा टाकला आणि दुधाची धार बादलीत घुमायला लागली. तिसरं कडवं सगळ्या गल्लीनं उचललं. भाऊ गेल्यापासून त्या अंगणात पुरुषाच्या आवाजात ते गाणं झालं नव्हतं. मी हसतही होते आणि रडतही होते.

दूध काचेच्या नळीत भरून सावलीत ठेवलं. साय वर येईपर्यंत कुणी घरी गेलं नाही. पाव आला, चीज आलं, मुरवलेले कांदे आले, बिअरचं पिंपही आलं. संध्याकाळी पिनॉकनी नळी डोळ्यांसमोर धरली. बारा रेघा! त्यांनी ‘शुद्ध’ असं लिहून सही केली. मग वहीचं नवीन पान उघडलं.

“आता काय?” वहिनीनं विचारलं.

“आरोपी, एल्कना पिनॉक. सार्वजनिक असभ्य गायन. नियम म्हणजे नियम.”

वहिनी गल्लीकडे वळली. “काय रे, कुणी काही ऐकलं का?”

“नाही!” साठ जण ओरडले.

साक्षीदारच नाही म्हटल्यावर पिनॉकनी नाइलाजानं वही मिटली. पण ते हलेनात.

“बाई, उद्या ही परत पान्हा चोरणार. दूध पातळ आलं तर मला परत तुमच्यावर खटला भरावा लागेल.”

“मग?”

त्यांनी घसा खाकरला. “धार किती वाजता काढता?”