आधीच केलेल्या सह्या

राजेश्वरी सिस्टर सकाळी आठला चहा पिता पिताच औषधांच्या वहीच्या दुसऱ्या रकान्यात दुपारपर्यंतच्या सगळ्या सह्या ठोकून मोकळ्या होत. नियम असा, की जोखमीचं औषध एका नर्सने भरायचं आणि दुसरीने बाटली, नाव, खाट तपासून मगच सही करायची. पण नेरूळच्या त्या हॉस्पिटलात बावीस खाटांना दोघीच. कोण कुणाच्या मागे फिरणार? "तुझा हात चांगलाय गं," त्या शर्मिलाला म्हणत. शर्मिला शिकाऊ, येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. एवढ्या कडक बाईंनी असं म्हणावं याचं तिला कोण कौतुक! कळंबोलीला घरी जाऊन तिने आईला ते दोनदा ऐकवलं होतं.

अकरा वाजता सहा नंबरच्या खाटेपाशी तिने ट्रेमधली उरलेली बाटली उचलली. बाटलीवर लाल पट्टी नव्हती.

लाल पट्टी म्हणजे पोटॅशियम मिसळलेलं सलाईन. ते तिनेच भरलं होतं, सहा नंबरच्या उलट्यांनी गळून गेलेल्या बाईंसाठी. साधं सलाईन होतं आठ नंबरच्या हौसेरावांचं. मघाशी बाईंना उमासा आला, शर्मिला भांडं घेऊन धावली, आणि परत येऊन घाईघाईत हाताला लागली ती बाटली तिने आठ नंबरला लावून टाकली.

हौसेराव साताऱ्याकडचे, मार्केटात पोती वाहणारे. मूत्रपिंडं निकामी, दिवसाआड डायलिसिस. अशा माणसाच्या अंगात पोटॅशियम साठलं की हृदय बंद पडतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरीलाही पाठ असतं. "हात लई जळजळतोय गं पोरी," ते मघाशी म्हणालेसुद्धा होते. आणि ही शहाणी काय म्हणाली? "नवी सुई आहे मामा, होतं असं."

ती धावली. नळीची चकती फिरवून तिने थेंब बंद केले. दहा मिनिटं झाली होती.

हौसेराव डोळे मिटून पडले होते. छाती हलत होती. कुणी पाहिलं नव्हतं. बाटली बदलायची, पट्टी खिशात घालायची, झालं. वहीत तर दोन्ही सह्या आहेतच. गेल्याच आठवड्यात तिच्यासोबतच्या शिकाऊ क्षिप्राला एका चुकीसाठी घरी पाठवलं होतं, आणि ती चूक याच्यापुढे काहीच नव्हती. पण आत किती गेलं? अजून अर्ध्या तासाने ही छाती हलत असेल का?

तळमजल्यावरच्या ट्रेनिंगमध्ये त्यांना शिकवलं होतं, की चूक दिसली तर मोठ्याने 'थांबा' म्हणायचं, कुणाचीही असो. प्लास्टिकच्या बाहुल्यापुढे ओरडताना सगळ्या खिदळल्या होत्या.

"थांबा!" ती ओरडली. आवाज फाटला. "सिस्टर, थांबा! आठ नंबरला लाल पट्टीची बाटली लावली. मीच लावली."

राजेश्वरी सिस्टर हातातली ट्रॉली सोडून आल्या. बाटली पाहिली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्याच क्षणी त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, छातीला पट्ट्या चिकटवल्या, मशीन सुरू केलं. पडद्यावरची रेघ वर-खाली होत राहिली. दोघींनी तिच्यावरची नजर काढली नाही.

"कमी गेलंय," रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. "पण चार तास मशीन काढू नका. बाटली तपासली कुणी?"

शर्मिलाने मान खाली घातली. आता सिस्टर सांगतील, शिकाऊ पोरगी आहे म्हणून.

"कुणीच नाही," राजेश्वरी सिस्टर म्हणाल्या. "सही माझी आहे. सकाळी आठची."

डॉक्टर वही घेऊन वरच्या ऑफिसात गेले. अर्ध्या तासाने कोरी वही आली, पण ऑफिसातून बोलावणं आलं नाही. ते कधी येईल, दोघींपैकी कुणाला येईल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सहा नंबरच्या बाईंचं औषध अजून द्यायचंच होतं.

शर्मिलाने नवी बाटली भरली, लाल पट्टी लावली. राजेश्वरी सिस्टर पेन घेऊन खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"वाच," त्या म्हणाल्या. "नाव, खाट, औषध. मोठ्याने वाच. मला भीती वाटतेय गं."

शर्मिला वाचू लागली.