दोरीवाल्याची वाट

मित्रांनो, भिवापूरकडच्या एका तलावाकाठी, बाभळीखाली उपडा पडलेला मी एक जुना डोंगा आहे. माझ्यावर आता शेवाळ धरत नाही, धूळ बसते. ज्याने सारा जन्म पाण्यात काढला, त्याला धूळ फार जड वाटते.

त्याआधी मी आंब्याचे झाड होतो. वादळात पडलो, तेव्हा मासे धरणाऱ्या देवाजी ढिवराने मला मागून आणले. शेजारचा गोविंदा मदतीला आला. दोघांनी मला वाकसाने तासले, कोरले, आतून हलका जाळ देऊन माझे पोट रुंद केले. पाण्यात सोडायच्या दिवशी गोविंदाची बायको वच्छला हिने मला हळदकुंकू लावले. देवाजीच्या बहिणीला ती म्हणाली, "नवरदेवावानी दिसते वं हा. याच्यासाठी एखादी डोंगी पाहा लागते." सगळे हसले. ते माझे चांगले दिवस होते.

आमचे काम मरळ धरण्याचे. गळाला लहान मासोळी लावायची, लांब दोरी मागे सोडायची आणि मला हळूहळू वल्हवत न्यायचे. दोरी सोडलेल्या डोंग्याला पटकन थांबता येत नाही, वळताही येत नाही. दोरी तळाशी अडकते. म्हणून आमच्या तलावावर एक रीत होती. ज्याची दोरी पाण्यात, त्याची वाट. रिकाम्या डोंग्याने वाटेच्या तोंडाशी थांबायचे, वल्हे आडवे धरायचे आणि दोरीचे टोक निघून जाईपर्यंत हलायचे नाही. हाकही मारायची नाही, कारण मासा बुजतो. ही रीत चांगलीच होती. तिच्यामुळे किती भांडणे टळली, ते मी पाहिले आहे.

बांगलादेशची लढाई झाली त्या हिवाळ्यात गोविंदा बाजाराच्या घाईत होता. "सरक गा देवाजी," असे ओरडत तो आमच्या मागून आडवा गेला. दोरी तुटली आणि लागलेली मरळ गेली. संध्याकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, साऱ्या ढिवरांसमोर देवाजी म्हणाला, "डोंगा नाही जमत तं बकऱ्या चार गा. तुह्या बापानं हाक मारालेच शिकवलं काय?" लोक हसले. गोविंदा खाली मान घालून गेला. त्यानंतर ज्या दोन माणसांनी मला घडवले, ती एकमेकांशी बोलेनाशी झाली.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी फार उतरले. पाण्यातल्या जुन्या खोडांच्या मधून एकच खोल वाट उरली. तलावाच्या एका अंगाला गाव आणि दुसऱ्या अंगाला पाळीवरचा रस्ता. त्या रस्त्याने नागपूरला जाणारी मोटार सकाळी एकदाच जात असे.

एका सकाळी आम्ही दोरी सोडून त्या वाटेने गावाकडे येत होतो. समोर, वाटेच्या तोंडाशी, गोविंदा येऊन थांबला. त्याने वल्हे आडवे धरले होते.

"आली अक्कल," देवाजी पुटपुटला आणि त्याने हात आणखी संथ केला. "थांबू दे थोडा."

गोविंदाने डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडून हलवला. देवाजीने ते पाहिले आणि मान फिरवली. मला मात्र गोविंदाच्या डोंग्याच्या कडेवर लोंबलेला एक हात दिसत होता. मला हळदकुंकू लावलेल्या त्या हातातल्या हिरव्या बांगड्या मी ओळखल्या. पण मी लाकूड होतो. मी काय करणार होतो?

पाळीवर मोटारीचा भोंगा वाजला. दोघांनीही तो ऐकला. मग धूळ उठली आणि खाली बसली.

आम्ही जवळ पोचलो, तेव्हा देवाजीला भाताच्या तणसावर निजलेली वच्छला दिसली. बाळंतपणानंतर तिला ताप भरला होता. डोळे उघडे होते, पण ती कोणाकडे पाहत नव्हती.

"कोठं चालला गा?"

"नागपूरले, धंतोलीले. मोठ्या दवाखान्यात."

देवाजीने कोयत्याने दोरी कापून टाकली. "मंग हाक काहून नाही मारली?"

"तुही दोरी होती ना पाण्यात," गोविंदा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता.

त्यांनी वच्छलेला माझ्यात घेतले, कारण मी जास्त रुंद होतो. दोघांनी इतका जोर लावून वल्हवले की मी तसा कधीच धावलो नव्हतो. पाळीवरून बैलगाडी केली. वच्छला वाटेतच, उमरेडच्या अलीकडे, गेली.

संध्याकाळी देवाजीने मला एकट्याने काठावर ओढले आणि उपडे केले. गोविंदा त्याला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते, असे देवाजी अजून म्हणतो.

मित्रांनो, रीत जरूर पाळा. पण वाट तुमची असेल, तेव्हा समोर थांबलेल्याकडे एकदा नीट पाहा. तो गप्प उभा आहे म्हणून त्याला घाई नाही, असे समजू नका. आणि तुमच्या बोलण्याने कोणाची हाक बंद झाली असेल, तर आजच त्याच्या घरी जा.